विचारा बाईंना : हिरवा शालू आणि पिठाचा डबा

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच विषयावरची निघाली: प्रवेशपरीक्षा आणि मुलांचं लेखन. बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवते आणि आज या चौघांशीच बोलते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की आधी खानापूर तालुक्यात आणि मग बेळगावात मिळून एकतीस वर्षं मी मराठी शाळेत शिकवलं. आता बेळगावच्याच शहापुरातल्या आमच्या माडीवर दर शनिवारी दहा-बारा मुलं लिहायला बसतात. पुढं जे लिहिलंय ते या मुलांकडूनच शिकले आहे.

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यमात. वडगावात आमचे चार यंत्रमाग आहेत. डेहराडूनच्या मिलिटरी कॉलेजात आता मुलींनाही घेतात हे कळल्यापासून तिनं तिथंच जायचं डोक्यात घेतलंय. गणित चांगलं आहे. इंग्रजीच्या पेपरात निबंध असतो म्हणून शिकवणीच्या सरांनी वीस निबंध लिहून दिले. तिनं ते घडाघडा पाठ केले. गेल्या रविवारी सरावाच्या पेपरात विषय आला, 'वीज गेली ती रात्र'. ती बराच वेळ नुसती बसून राहिली आणि शेवटी 'माझा आवडता सण' लिहून आली. घरी येऊन खूप रडली. आम्हा नवरा-बायकोला इंग्रजी येत नाही. आम्ही काय मदत करणार?
— एक आई, वडगाव

उत्तर: ताई, आधी परीक्षेचं बघू. राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज, म्हणजे आरआयएमसी, 2022 पासून मुलींनाही घेतं. वर्षातून दोनदा परीक्षा होते. गणित 200 गुणांचं, इंग्रजी 125, सामान्य ज्ञान 75, आणि त्यात पास झालेल्यांची 50 गुणांची तोंडी. प्रवेशाच्या तारखेला वय साडेअकरा ते तेरा या दरम्यान लागतं, तेव्हा तिची जन्मतारीख आजच ताडून बघा. अभ्यासाच्या नादात हे बघायचं राहून गेलेली घरं मी पाहिली आहेत. इंग्रजीचा पेपर गोल रंगवायचा नसतो, हातानं लिहायचा असतो. निबंध हा त्याचा एक भाग, बाकी पत्र, उतारा, व्याकरण. म्हणजे तिला लिहिता यावंच लागेल, यात सरांचं म्हणणं बरोबर आहे. पाठांतरानं ते येईल हे मात्र मला मान्य नाही.

का मान्य नाही, ते सांगते. खानापूर तालुक्यातल्या शाळेत असताना एका सहामाहीला मी 'पावसाळा' हा विषय दिला होता. तिकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. मुलं पावसातच वाढलेली. पेपर आले अडतीस. त्यातल्या एकतीस पेपरांत सृष्टीनं हिरवा शालू नेसला होता आणि मोर पिसारा फुलवून नाचत होता. ती वाक्यं मीच फळ्यावर लिहून दिली होती. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, 'पाऊस लागला की आई पिठाचा डबा पलंगावर ठेवते आणि आम्ही खाली झोपतो.' शालू नाही, मोर नाही, कवितेच्या ओळी नाहीत. मी तिला दहापैकी चार गुण दिले. बाकीच्यांना सात, आठ. त्या घरातली गळकी कौलं, ओली जमीन, पीठ भिजलं तर उद्या भाकरी नाही ही त्या आईची काळजी, सगळं त्या एका वाक्यात होतं आणि मला ते दिसलं नाही. आज ती मुलगी कुठं आहे मला ठाऊक नाही. ते चार गुण अजून सलतात.

तुमच्या मुलीचंही तेच झालंय. 'वीज गेली ती रात्र' हा विषय आला आणि ती सण लिहून आली. ताई, अख्ख्या बेळगावात या विषयावर यंत्रमागवाल्याच्या लेकीइतकं कुणाला सांगता येईल? वीज गेली की दुसऱ्यांच्या घरात पंखा बंद पडतो. तुमच्या घरात चार मागांचा खडखडाट एका क्षणात थांबतो. ज्या आवाजात तान्हं बाळसुद्धा झोपतं तो थांबला की सगळं घर जागं होतं. धोटा मधेच अडकलेला, साडी अर्धी विणून राहिलेली, तुमचे मालक अंधारात मागावर हात ठेवून उभे. हे सगळं तिच्यापाशी होतं. पण हे निबंधात लिहायचं असतं असं तिला कुणी सांगितलंच नाही.

तुमचं काम इथं आहे, आणि त्याला इंग्रजी लागत नाही. रात्री भाकऱ्या थापताना तिला जवळ बसवा आणि आपल्या बोलीत विचारा. वीज गेली तेव्हा तू काय करूलालीस? हातात काय होतं? आधी कुणाचा आवाज आला? बाबा काय म्हणाले? तू कशाला घाबरलीस? ती 'काही नाही, अंधार झाला' म्हणेल. सोडू नका, पुन्हा विचारा. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला काहीतरी खरं बाहेर येतं, आणि ते आलं की तुम्हाला कळतंच, कारण तुमच्या हातातली भाकरी थांबते. तिला म्हणा, हे लिही.

लिहिताना सगळी रात्र लिहायची नाही. दहा मिनिटं लिहायची. वीज जाते इथपासून मेणबत्ती सापडते इथपर्यंत, एवढंच. त्या दहा मिनिटांत काहीतरी बिघडायला हवं आणि शेवटी काहीतरी वेगळं झालेलं हवं. ते मोठं नसलं तरी चालतं. रोज ओरडणारे बाबा त्या शांततेत हळू आवाजात बोलले, एवढंही पुरतं.

आता इंग्रजीचं. मराठीत गोष्ट सांगताना आपण सहज वर्तमानात शिरतो: 'मी दार उघडते, बघते तर काय, बाबा उभे!' आपल्या कानाला हे गोड लागतं, पण आपली मुलं हीच सवय इंग्रजीत नेतात. एक वाक्य भूतकाळात, पुढचं वर्तमानात. तपासणाऱ्याला ती सरळ चूक दिसते. तिला सांगा, भूतकाळात सुरू केलंस की शेवटपर्यंत भूतकाळातच राहा. वाक्यं आखूड ठेव. शब्द अडला तर वस्तू कशी दिसते ते लिही. धोट्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवलं नाही, तर 'दोरा घेऊन इकडून तिकडं पळणारी छोटी लाकडी होडी' असं सोप्या इंग्रजीत लिहावं. कोशातल्या शब्दापेक्षा हे वाचणाऱ्याला जास्त दिसतं.

आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास पुरे. पाच मिनिटं विचार आणि कागदाच्या कोपऱ्यात चार शब्द: कुठं, कोण, काय बिघडलं, शेवटी काय. वीस मिनिटं लेखन. राहिलेली पाच मिनिटं ओठ हलवत वाचायचं, म्हणजे राहिलेला शब्द आणि चुकलेला काळ जिभेला अडखळतो. लिहून झालं की तिला म्हणा, हे मला मराठीत सांग. जिथं ती अडखळेल किंवा 'ते असंच आहे' म्हणेल, तिथं ते वाक्य तिचं नाही, पाठ केलेलं आहे. एवढं तुम्ही नक्की पकडाल. व्याकरणाच्या चुका सरांना बघू द्यात. घरात लाल पेन आणू नका.

सरांचे वीस निबंध फेकू नका. त्यातली चांगली वाक्यरचना उचलायला ते उपयोगी आहेत. आणि जागांबद्दल एक स्पष्ट सांगते: एकेका राज्याच्या वाट्याला अगदी मोजक्या जागा येतात. परीक्षा जरूर द्यावी, पण निकालावरून घरात कुणी तिची लायकी ठरवू नये.

प्रश्न: मुलगा पाचवीत, नवोदयची तयारी चालू आहे. क्लासमध्ये रोज एक निबंध पाठ करून घेतात. पोरगं कंटाळलंय. नवोदयला निबंधाला किती गुण असतात?
— एक वडील, निपाणीजवळचं गाव

उत्तर: एकही नाही. नवोदयच्या सहावी प्रवेशाच्या परीक्षेत 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास, आणि सगळे प्रश्न पर्यायांचे. भाषेचे 20 प्रश्न आणि 25 गुण, तेही उतारा वाचून उत्तर ओळखायचं. सैनिक शाळेची सहावीची परीक्षाही तशीच: 125 प्रश्न, 300 गुण, त्यातले भाषेचे 50 गुण. तो पेपर मराठीतून किंवा कन्नडमधूनही देता येतो, हे आपल्या भागातल्या बऱ्याच पालकांना माहीत नसतं.

तेव्हा भाऊ, क्लासवाल्यांना नम्रपणे विचारा की हे निबंध कोणत्या परीक्षेसाठी आहेत. तो वेळ वाचनाला द्या. रोज वर्तमानपत्रातली एक बातमी त्यानं मोठ्यानं वाचावी आणि तुम्ही दोन प्रश्न विचारावेत. उत्तर दिलं की म्हणावं, 'कुठं लिहिलंय, बोट ठेव.' उताऱ्याच्या प्रश्नांत मुलं चुकतात ती बहुतेक वेळा उताऱ्यात नसलेलं, स्वतःच्या मनातलं उत्तर देतात म्हणून. बोट ठेवायची सवय लागली की ते थांबतं. आणि पोराला लिहायचं असेल तर परीक्षा संपल्यावर हवं ते लिहू दे.

प्रश्न: बाई, मी सहावीत आहे. येळ्ळूरला राहतो. मला गोष्ट लिहायला आवडते पण शेवट जमत नाही. मी नेहमी 'तेवढ्यात आईनं हाक मारली आणि मला जाग आली, ते सगळं स्वप्न होतं' असा शेवट करतो. शाळेत चालतो म्हणतात, क्लासमध्ये सर म्हणतात गुण जातील. कुणाचं खरं?
— येळ्ळूरचा एक मुलगा

उत्तर: तू गोष्टही पाठवलीस ते फार चांगलं केलंस. मी ती दोनदा वाचली. राजहंसगडावर तुला सात दरोडेखोर भेटले, त्यांच्याकडे तलवारी होत्या, मग भुयार सापडलं, भुयारात नाग, नागाच्या मागे खजिना. आता तूच सांग, एवढ्या सगळ्यातून सहावीतला मुलगा एका पानात बाहेर कसा पडणार? त्याला झोपेतून उठवण्याशिवाय तुझ्यापाशी दुसरा रस्ताच उरला नाही. म्हणजे चूक शेवटात नाही, सुरुवातीत आहे. संकट इतकं मोठं घेतलंस की ते तुला सोडवता येईना. सर गुण कापतील की नाही ते मला माहीत नाही, पण वाचणाऱ्याला मात्र फसवल्यासारखं वाटतं. मी नागाला खरंच घाबरले होते, आणि तू म्हणालास नाग नव्हताच.

गड तोच ठेव, दरोडेखोर काढून टाक. तू आणि धाकटा भाऊ गडावर गेलात. तटावरून वाकून बघताना त्याची उजव्या पायातली चप्पल खाली पडली, झाडीत गेली. खाली उतरून शोधली, मिळाली नाही. ऊन तापलेलं, भाऊ रडतोय, चप्पल नवी आहे आणि घरी काय सांगायचं? हे संकट तुझ्या मापाचं आहे. शेवटासाठी लांब जाऊ नकोस, गोष्टीत आधी आलेलीच वस्तू परत उचल. बघ, मी एक करून दाखवते: 'घरी पोचलो तेव्हा भावाच्या उजव्या पायात माझी मोठी चप्पल होती आणि माझा उजवा पाय मातीनं लाल झाला होता. आईनं काही विचारलं नाही. तिनं दोघांच्या पायांवर पाणी ओतलं.'

यात कुणी जागं झालं नाही, कुणी 'तेव्हापासून मी शहाणा झालो' असंही म्हटलं नाही. पण तू भावासाठी काय केलंस ते वाचणाऱ्याला कळलं. हा शेवट माझा आहे, तू उचलू नकोस. तुझ्या घरी आईनं काय केलं असतं ते लिही. कदाचित तिनं दोन धपाटे घातले असते. मग ते लिही, आणि धपाटा कुणाला बसला तेही.

प्रश्न: माझी मुलगी सिडनीला असते. नात तिथं पाचवीत आहे. पुढच्या वर्षी तिची तिकडच्या सिलेक्टिव्ह हायस्कूलची परीक्षा आहे, त्यात गोष्ट वगैरे लिहायची असते म्हणे. मी दर रविवारी सकाळी फोनवर तिला मराठीत गोष्ट सांगते, चार वर्षं झाली. आता मुलगी म्हणते, 'आई, तू परीक्षा होईपर्यंत थांब. तिचं इंग्रजी बिघडतंय, ती वाक्यं उलटी लिहिते.' मुलीला दुखवायचं नाही, पण रविवार आला की मी फोनकडं बघत बसते. मी थांबू का?
— एक आजी, खानापूर

उत्तर: आजी, थांबू नका. पण तुमच्या मुलीवर रागावूही नका, तिची काळजी खोटी नाही.

सिलेक्टिव्ह म्हणजे परीक्षा घेऊनच मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समधली ही परीक्षा मुलं सहावीत असताना देतात, सातवीच्या प्रवेशासाठी. चार भाग असतात: वाचन, गणिती विचार, तर्क आणि लेखन. चारही भागांचं वजन सारखं, म्हणजे लेखन पाव हिस्सा. लेखनाला एकच विषय आणि तीस मिनिटं. 2025 पासून परीक्षा संगणकावर होते, म्हणजे लेखनही टाइप करूनच. विषय दर वेळी गोष्टीचाच असेल असं नाही. पत्र, रोजनिशी, बातमी, सल्ला, काहीही येऊ शकतं. मुलीला सांगा, तयारीच करून घ्यायची तर टाइपिंगची घ्या आणि वेगवेगळ्या प्रकारांची घ्या. विषय सोडून आधी घोकलेली गोष्ट उतरवली तर तिथंही निभाव लागत नाही.

मराठी गोष्टीनं इंग्रजी बिघडतं, हे मला एकतीस वर्षांत दिसलं नाही. आपल्या भागातली मुलं घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी बोलत वाढतात. सुरुवातीला वाक्यं इकडची तिकडं होतात, पुढं वाचनानं ती जागेवर बसतात. ज्यांनी आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकली त्यांना गोष्ट कुठं थांबवायची, कुठं लपवायची, कुठं 'आणि मग?' म्हणायला लावायचं हे आपोआप येतं. ते कोणत्या भाषेतून आलं याचा हिशेब मन ठेवत नाही. वाक्यं उलटी होतायत तर त्यावर इलाज इंग्रजी वाचन हा आहे. मराठी बंद करून वाक्यं सरळ होणार नाहीत.

एक मात्र बदला. चार वर्षं तुम्ही सांगितलंत, आता तिला सांगू द्या. आणि इथं तुमच्यापाशी असं काही आहे जे सिडनीतल्या कुठल्याही क्लासपाशी नाही. तुम्ही ते शहर पाहिलेलं नाही. क्लासमधल्या शिक्षकाला 'मी स्टेशनवर गेले' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं स्टेशन उभं राहतं, म्हणून मूल पुढं काही सांगतच नाही. तुमच्या डोळ्यांपुढं खानापूरचं स्टेशन उभं राहील. तिला ते पुसून स्वतःचं काढावं लागेल. खरंच माहीत नाही म्हणून विचारणारा वाचक मुलांना क्वचित मिळतो.

माझ्या शनिवारच्या मुलांत एक खेळ आहे. एकानं भिंतीकडं तोंड करून एखादी जागा सांगायची, दुसऱ्यानं ऐकून कागदावर काढायची. परवा एका मुलानं टिळकवाडीचं रेल्वे गेट सांगितलं: 'गेट पडलंय, गाड्या थांबल्यात.' काढणाऱ्या मुलीनं एक आडवी रेघ आणि चार मोटारी काढल्या. कागद बघून तो म्हणाला, 'अगं, फाटकाखालून सायकल घालणारे आजोबा कुठायत? शेंगावाला कुठाय?' ती म्हणाली, 'तू सांगितलासच कुठं?' मग तो वहीकडं गेला आणि त्यानं दीड पान लिहिलं. त्यात आजोबांची सायकल तिरकी करून आत घालतानाचा घंटीचा आवाजसुद्धा होता.

येत्या रविवारी तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसा. नातीला म्हणा, तुझ्या खिडकीतून काय दिसतं ते सांग, मी इथं काढते. ती मराठीत सांगो, इंग्रजीत सांगो, अर्धं-अर्धं सांगो, अडवू नका. तिनं 'झाड आहे' म्हटलं की तुम्ही आपल्या परसातलं फणसाचं झाड काढा, बुंध्याला फणस लगडलेले, आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरा. ती ओरडेल, 'आजी, असं नाही!' मग पेन्सिल उचलून विचारा, 'मग कसं गं?'